जखमी जवान आणि त्याचं घर : पुण्यातल्या तीन संस्थांची पार्श्वभूमी

चकमकीत जवान गेला की गावाच्या वेशीवर कमान उभी राहते, पालकमंत्री येतात, पंचक्रोशी लोटते. त्याच चकमकीत जखमी झालेल्यांचा उल्लेख बातमीच्या शेवटी असतो आणि तिथेच संपतो. ज्याचा पाय सुरुंगावर गेला किंवा मणक्यात गोळी अडकली, त्याची आणि घरच्यांची लढाई मात्र त्या दिवशी सुरू होते आणि पुढे चाळीस-पन्नास वर्षं चालते. या लढाईसाठी आपल्याकडे जी व्यवस्था उभी राहिली, तिची बरीच मुळं पुण्यात, खडकी आणि वानवडीच्या लष्करी भागात आहेत. तिथल्या तीन संस्था वेगवेगळ्या युद्धांमधून जन्मल्या. प्रत्येक युद्धाने जखमी सैनिकाची एक नवी गरज राज्यकर्त्यांना मान्य करायला लावली. घरच्यांची गरज मात्र फार उशिरा मान्य झाली, आणि तीही अर्धवट.

पहिल्या महायुद्धात जखमींनी भरलेली जहाजं मुंबईला लागत. १९१४ च्या नोव्हेंबरात सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. वर्षभराने बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला मोठी लढाई झाली, आणि जखमींना मागे आणायची सोयच नाही हे तेव्हा उघडं पडलं. स्प्रिंग नसलेल्या गाड्यांमधून खडखडत नदीपर्यंत, तिथून बोटीच्या उघड्या डेकवर दाटीवाटीने पडून बसऱ्यापर्यंत, असा तो प्रवास होता. तुटलेल्या हाडांना फळ्या नाहीत, पट्ट्या बदललेल्या नाहीत. बसऱ्याला आलेल्या अशा एका बोटीची अवस्था पाहून इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या मेजर कार्टर यांनी वरिष्ठांना लेखी कळवलं, तेव्हा त्यांनाच दरडावून गप्प करण्याचा प्रयत्न झाला. प्रकरण दडपलं गेलं नाही. चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावं लागलं. वैद्यकीय मदतीतल्या ढिलाईची किंमत एखाद्या मंत्र्याने मोजल्याची उदाहरणं फार नाहीत, म्हणून हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

वाचलेले मुंबईत येत. आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय तेव्हा नुकतं बांधून झालं होतं. वस्तू मांडण्याच्या आधी तिथे जखमींच्या खाटा लागल्या. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते लॉर्ड विलिंग्डन. त्यांचा थोरला मुलगा युद्धाच्या पहिल्याच महिन्यांत फ्रान्समध्ये मारला गेला होता. त्यांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी १९१७ मध्ये मुंबईत अपंग भारतीय सैनिकांसाठी एक तंत्रशाळा सुरू केली. राणी मेरीच्या नावाची ही शाळा काही वर्षांनी खडकीला आली आणि क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट म्हणून आजही तिथे आहे.

शाळेमागचा विचार सरळ होता. साताऱ्याचा शिपाई एक पाय गमावून गावी गेला तर त्याच्याने नांगर धरवणार नाही, मोट हाकवणार नाही. पेन्शन तुटपुंजी. तेव्हा बसून करता येईल असं एखादं कसब त्याच्या हाती द्यायचं आणि मग घरी पाठवायचं. त्या काळासाठी ही मोठीच उडी होती, कारण तोवर जखमी शिपायाला थोडी पेन्शन बांधून दिली की सरकारचं काम संपत असे. पण तो गावी पोहोचायच्या आधी शेत कोणी पेरलं, कर्ज कोणाच्या नावावर चढलं, याची नोंद घेणारी जागा त्या व्यवस्थेत नव्हती. १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झालं. आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड आणि प्रत्येक जिल्ह्यातलं सैनिक कल्याण कार्यालय हा त्याचाच वारसा. शिपायाच्या घराशी सरकारचं काही नातं जुळलं ते इथून.

दुसऱ्या महायुद्धाने अवयवांचा प्रश्न समोर आणला. आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश अशा आघाड्यांवरून हात-पाय गमावलेले सैनिक येऊ लागले आणि १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. वानवडीच्या या केंद्रात तिन्ही दलांचे लोक येतात, त्यांच्या घरचे येतात, साधे नागरिकही येतात. आत्ता आपल्याला कृत्रिम पाय म्हटलं की जयपूर फूट आठवतो, पण तो १९६८ चा. पुण्याचं केंद्र त्याच्या दोन तपं आधीचं.

पाय बसवणं हे एकदाच होणारं काम नसतं, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या भागाची सूज उतरत जाते, स्नायू बारीक होतात, आकार बदलतो. महिन्यांपूर्वी घट्ट बसलेला सॉकेट, म्हणजे उरलेला भाग ज्यात बसतो ती खोबण, ढिला होतो, घासतो, जखम करतो. मग पुन्हा माप, पुन्हा साचा, पुन्हा चालण्याचा सराव. पाय गुडघ्याखाली गेला असेल तर माणूस बऱ्यापैकी लवकर चालायला लागतो. गुडघाच गेला असेल तर प्रत्येक पाऊल नव्याने शिकावं लागतं. शिवाय कृत्रिम पाय झिजतो आणि दर काही वर्षांनी बदलावा लागतो. म्हणजे एकदा वानवडीची वाट धरलेला जवान ती आयुष्यभर सोडू शकत नाही. सियाचीनच्या हिमदंशाने बोटं-पावलं गमावलेले, कारगिलमध्ये सुरुंगावर पाय पडलेले, संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर सैन्य जमवलं त्या ऑपरेशन पराक्रमच्या वेळी सुरुंग पेरताना जखमी झालेले, असे सगळे पुढे याच वाटेने गेले.

याच काळात एक दुसरा प्रश्न आकाराला येत होता: पाय गमावलेल्या सैनिकाला नोकरीत ठेवायचं की नाही? मुंबईत जन्मलेले गुरखा पलटणीचे इयान कार्डोझो यांचा पाय १९७१ च्या युद्धात सिल्हेटजवळ सुरुंगावर गेला. लोंबणारा पाय त्यांनी खुकरीने स्वतः तोडला. पुढे बटालियनचं आणि नंतर ब्रिगेडचं नेतृत्व मिळवण्यासाठी त्यांना आपण सक्षम आहोत हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागलं. युद्धात अपंगत्व येऊन ही पदं सांभाळणारे ते पहिले भारतीय अधिकारी. साध्या शिपायाला इतकं झगडायला ना वेळ मिळतो ना ओळख. तो बहुधा लष्करी डॉक्टरांच्या मेडिकल बोर्डासमोर उभा राहतो आणि 'बोर्ड आऊट' होऊन, म्हणजे सेवेला अपात्र ठरून, घरी येतो.

तिसरी संस्था सगळ्यात अवघड जखमेसाठी आहे. मणक्याला इजा होऊन कमरेखालचं किंवा मानेखालचं शरीर लुळं पडलेले सैनिक दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुतेक वाचतच नसत. मूळ जखमेने नाही, तर बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने अंगाला होणाऱ्या जखमा, आणि लघवीच्या संसर्गाने काही महिन्यांत जात. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात १९४४ पासून डॉ. लुडविग गुटमान यांनी ही गोष्ट बदलली. दर दोन तासांनी कूस बदलायची, मूत्राशयाची काटेकोर निगा ठेवायची आणि खाटेवर पडून न ठेवता खेळायला लावायचं, असा त्यांचा उपचार होता. तिथल्या १९४८ च्या सामन्यांमधून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं.

आपल्याकडे या उपचाराचं सगळ्यात ठळक फळ सांगलीतल्या पेठ-इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर यांच्या रूपाने दिसलं. लष्कराची यंत्रसामग्री सांभाळणाऱ्या ईएमई दलातले हे बॉक्सर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडले. उपचार म्हणून सुरू झालेलं पोहणं त्यांनी सोडलं नाही. १९७२ मध्ये जर्मनीत हायडलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रम केला. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्णपदक. पद्मश्री त्यांना मिळाली २०१८ मध्ये. मधली शेहेचाळीस वर्षं जखमी सैनिकाकडे पाहण्याच्या आपल्या नजरेबद्दल बरंच सांगून जातात.

पण पेटकर होणं प्रत्येकाला शक्य नसतं. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनंतर असे जवान उरले, जे वाचले होते पण ज्यांना घरी ठेवणं घरच्यांना झेपत नव्हतं. त्यांच्यासाठी १९७४ मध्ये खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झालं. लष्करी रुग्णालयातले उपचार संपल्यावर माणसाने आयुष्यभर राहावं असं हे घर. पुढे पंजाबात मोहालीलाही तसंच केंद्र निघालं. खडकीत व्हीलचेअरवरचं बास्केटबॉल चालतं, तोंडात कुंचला धरून चित्रं काढली जातात, हाताला झेपेल ते काम केलं जातं. तिथे राहणारे सगळे सीमेवर जखमी झालेले नाहीत, हेही सांगायला हवं. रजेवर येताना झालेला रस्ता अपघात, कुठून तरी पडणं, उथळ पाण्यात मारलेली उडी, यांनीही मणका जातो. शरीराची अवस्था तीच असते. पेन्शनचा हिशेब मात्र वेगळा निघतो.

हा हिशेब घराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. मेडिकल बोर्ड अपंगत्वाची टक्केवारी ठरवतं. ते लष्करी सेवेमुळे आलं किंवा सेवेमुळे बळावलं असं मान्य झालं तरच डिसॅबिलिटी पेन्शन. पूर्ण अपंगत्वाला साधारण परिस्थितीत शेवटच्या पगाराच्या तीस टक्के इतका जादा हिस्सा मिळतो, तर युद्धात जखमी होऊन घरी पाठवलेल्याला पगाराइतका. 'सेवेमुळे' या एका अटीवर हजारो कुटुंबांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर कोणताही आजार नोंदलेला नव्हता, तो धडधाकट होता असंच मानायचं. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. निकाल स्पष्ट होता, तरी त्यानंतरही याच मुद्द्यावरचे खटले येतच राहिले.

टक्केवारी जवानाच्या शरीराची निघते. दोन तासांनी कूस बदलायला रात्री उठणाऱ्या बायकोची निघत नाही. लघवीची नळी (कॅथेटर) बदलायला शिकलेली आई, शाळा सुटल्यावर बाबांना व्हीलचेअरवरून खाटेवर घेणारा मुलगा, दुसऱ्याचं शेत सोडून घरी बसलेला भाऊ, हे सगळे त्या उपचाराचाच भाग असतात. पूर्ण अपंगत्व असलेल्यांना सतत लागणाऱ्या मदतनिसासाठी वेगळा भत्ता आहे, तो या कष्टाची थेट दखल घेतो. पण नव्वद टक्के ठरलेल्या माणसालाही कुणीतरी उचलावंच लागतं. बाकीची मदत आजूबाजूने येते: डिसेंबरातला ध्वजदिन निधी, १९६६ पासूनची आर्मी वाइव्हज वेल्फेअर असोसिएशन, २००३ पासूनची ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना, जिल्ह्याच्या गावी असलेली सैनिकी मुलामुलींची वसतिगृहं. या सगळ्यांचा उपयोग होतो, पण कोणतं दार कुठे आहे हे शोधण्याचं कामही घरातल्या बाईकडेच येतं. लष्कराने २०१८ हे वर्ष कर्तव्यावर अपंगत्व आलेल्या सैनिकांचं म्हणून जाहीर केलं. तसंच एखादं वर्ष त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी ठेवायला हवं, आणि त्या वर्षात निदान मदतनीस भत्त्याची अट सैल करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

दरम्यान या कहाणीत दोन नवे गट आले आहेत. २०२२ च्या अग्निपथ योजनेत, म्हणजे चार वर्षांच्या भरतीत, अग्निवीराला सेवेमुळे अपंगत्व आलं तर टक्केवारीनुसार ४४, २५ किंवा १५ लाख रुपये एकरकमी मिळतात. विशीतल्या मुलाचा मणका गेला तर ही रक्कम पुढच्या पन्नास वर्षांना पुरवायची आहे. दुसरा गट खडकवासल्याच्या एनडीएसारख्या संस्थांत प्रशिक्षणातच जखमी होऊन घरी पाठवलेल्या छात्रांचा. ते अधिकारी झालेले नसतात, म्हणून माजी सैनिकही ठरत नाहीत, आणि त्यांचा भार आईवडिलांवर पडतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये हा प्रश्न आपणहून हाती घेतला. त्यांच्यासाठी ईसीएचएसचं दार उघडलं गेलं आहे. आता दरमहा हातात काय पडावं, याचा निर्णय व्हायला हवा.