पंक्चर (मोटारगाडीच्या टायरचे)

हवा भरलेल्या टायरला खिळा, तार, काच किंवा अणकुचीदार खडा लागून भोक पडणे व त्यातून हवा निघून जाणे म्हणजे पंक्चर. बोलण्यात मात्र वॉल्व्ह गळणे, रिमच्या कडेने हवा झिरपणे, ट्यूबला घडी पडून ती फाटणे हे सगळे प्रकार पंक्चरमध्येच मोडतात. टायर फुटणे ही वेगळी घटना आहे. तीत टायरची बांधणीच एका क्षणात उसवते आणि तिचे मूळ बहुधा खिळ्यात नसून उष्णतेत असते. या नोंदीत मुख्यतः मोटारगाडीच्या टायरचा विचार केला आहे. सायकल, मालमोटार व बैलगाडी यांचा उल्लेख प्रसंगानुसार येईल.

इतिहास : बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव किंवा नंतरचा भरीव रबरी टायर कधी पंक्चर होत नसे. ही अडचण हवेच्या टायरबरोबरच आली. हवेच्या टायरच्या शोधाचे श्रेय लोकप्रिय लेखनात जॉन बॉइड डनलॉप यांना दिले जाते, परंतु तो मान काळाच्या दृष्टीने रॉबर्ट विल्यम टॉमसन यांच्याकडे जातो. स्कॉटलंडमधील स्टोनहेवनचे हे अभियंते. 10 डिसेंबर 1845 रोजी त्यांनी ब्रिटनमध्ये 10990 क्रमांकाचे एकस्व (पेटंट) घेतले. पाठोपाठ फ्रान्स व अमेरिकेतही घेतले. रबर चढवलेल्या कापडाची हवाबंद नळी आणि तिच्यावर चामड्याचे आवरण अशी त्यांची रचना होती. 1847 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला अशी चाके बसवून चाचणी झाली आणि गाडी ओढायला कमी जोर लागतो हे दिसून आले. मात्र अशा नळ्यांसाठी योग्य असे पातळ रबर त्या काळी सहज मिळत नव्हते. रबर टिकाऊ करणारी व्हल्कनीकरणाची प्रक्रिया नुकतीच बाहेर येत होती (चार्ल्स गुडइअर यांचे अमेरिकी एकस्व 1844 चे). टॉमसन पुढे भरीव रबरी टायरांच्या वाफेच्या रस्तागाड्यांकडे वळले. त्यांपैकी काही 1870 नंतरच्या दशकात आर. ई. बी. क्रॉम्प्टन यांनी पंजाबात चालवल्या.

डनलॉप हे बेलफास्टमध्ये स्थायिक झालेले स्कॉटिश पशुवैद्य. मुलाच्या तीनचाकीसाठी त्यांनी हवेचा टायर तयार केला. याचे वर्ष काही ग्रंथांत 1887, तर काहींत 1888 आढळते. पहिले प्रयोग 1887 च्या अखेरीस आणि तीनचाकीवरची चाचणी व एकस्व 1888 मध्ये, असे मानल्यास दोन्ही नोंदी जुळतात. 1889 मध्ये विली ह्यूम यांनी बेलफास्टच्या सायकल शर्यती या टायरांवर जिंकल्या आणि मागणी वाढली. टॉमसन यांचे जुने एकस्व उजेडात आल्यामुळे 1890 मध्ये डनलॉप यांचा मूलभूत हक्क रद्द ठरला. डनलॉप यांना टॉमसन यांच्या कामाची माहिती नव्हती, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. त्यामुळे कल्पना टॉमसन यांची व रूढ झालेली वस्तू डनलॉप यांची, अशी विभागणी करणे अधिक सयुक्तिक वाटते.

पंक्चरच्या दृष्टीने पाहिले तर या दोघांइतकेच महत्त्व पुढच्या दोन-तीन वर्षांतील सुधारणांना आहे, आणि संदर्भग्रंथांत नेमक्या त्याच एखाद्या ओळीत उरकलेल्या असतात. डनलॉप यांचा आरंभीचा टायर रिमला चिकटवून कापडी पट्टीने बांधलेला असे. भोक पडले की सगळे सोडवायचे, ठिगळ लावायचे, पुन्हा चिकटवायचे आणि डिंक वाळेपर्यंत थांबायचे. 1890 मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी काठात तार घातलेला, तर विल्यम बार्टलेट यांनी रिमच्या कडेत अडकणारा टायर पुढे आणला. फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँ येथील मिशलँ बंधूंनी 1891 मध्ये काढता-घालता येणारा सायकल टायर केला. त्याच वर्षी शार्ल तेराँ यांनी तो वापरून पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस शर्यत जिंकली. 1895 च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत या बंधूंनी हवेच्या टायरवर मोटारगाडी उतरवली. वाटेत वारंवार ट्यूबा बदलाव्या लागल्या आणि गाडी ठरलेल्या वेळेत पोहोचली नाही, पण असे टायर मोटारीचे वजन पेलतात हे सिद्ध झाले.

ट्यूबलेस टायरच्या अग्रक्रमाबद्दल एकमत नाही. गुडइअर कंपनीतील पॉल लिचफील्ड यांचे 1903 चे एकस्व आणि ब्रिटनमधील किलन कंपनीचे 1930 चे एकस्व यांचे दाखले दिले जातात. प्रत्यक्ष बाजारात टिकलेली रचना मात्र बी. एफ. गुडरिच कंपनीच्या फ्रँक हर्झेग यांची असून ती 1947 मध्ये जाहीर झाली व तिला 1952 मध्ये एकस्व मिळाले. तिच्यात आतल्या बाजूस ब्यूटिल रबराचा हवारोधक थर असतो. असे रबर 1937 पूर्वी उपलब्धच नव्हते, हे लक्षात घेता आधीचे दावे कागदावरचे मानावे लागतात. रेडियल बांधणीचीही (धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे असलेली) गोष्ट अशीच आहे. तिची एकस्वे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दिसतात, पण व्यवहारातला रेडियल टायर मिशलँ कंपनीचा (एकस्व 1946).

भारतात डनलॉपचा कारखाना हुगळीजवळ साहागंज येथे 1936 मध्ये सुरू झाला. मुंबईत शिवडीला फायरस्टोनचा कारखाना होता, तर भांडुपचा सिएटचा कारखाना कंपनीच्या 1958 मधील स्थापनेनंतरचा. हवेची चाके मोटारीपुरती राहिली नाहीत. साखर कारखान्यांकडे ऊस वाहणारी टायरगाडी ही त्याच चाकांवरची बैलगाडी असून ती घेऊन येणाऱ्या तोडणी मजुरांच्या गटाला ‘टायर सेंटर’ असेच म्हणतात.

दाब व उष्णता : गाडीचे वजन टायरचे रबर पेलत नाही, ते मुख्यतः आतली हवा पेलते. हवा कमी असली की टायर जमिनीलगत अधिक चेपतो आणि बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतात. 185/65 आर 15 या मापाच्या टायरचा परीघ सुमारे 1.95 मीटर भरतो. ताशी 100 किमी वेगाला असा टायर सेकंदाला 14 फेरे घेतो, म्हणजे त्याच्या भिंतीचा प्रत्येक भाग मिनिटाला साडेआठशे वेळा वाकतो व सरळ होतो. रबर वाकवण्यासाठी लागलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, काही भाग उष्णतेच्या रूपाने आतच साठतो. उष्णता वाढली की रबर व पोलादी पट्टे यांचा सांधा सैल होतो आणि नक्षीचा (रस्त्याला टेकणारा खाचांचा) थर सुटू लागतो. खिळा रुतून दोन दिवस हळूहळू हवा सोडणारा टायर महामार्गावर धोक्याचा ठरतो तो याच क्रमाने. पूर्ण बसलेला टायर चालकाला लगेच कळतो, दाब 33 पीएसआयचा (चौरस इंचावरील पौंड, हे दाबाचे एकक) 22 झालेला कळत नाही.

फुटणाऱ्या टायरमध्ये हवा जास्त झाली होती, असा समज सर्वत्र आहे. हिशेब मात्र त्याला साथ देत नाही. थंड टायरमध्ये 25 अंश सेल्सिअसला 33 पीएसआय दाब असेल आणि धावून आतली हवा 65 अंशांना पोहोचली, तर दाब जेमतेम 6 पीएसआयने वाढून 39 च्या आसपास जातो. टायरच्या भिंतीवर छापलेली कमाल मर्यादा बहुधा 44 ते 51 असते आणि धड असलेला टायर त्याहून पुष्कळ जास्त दाब सोसतो. म्हणून गरम टायर तपासून ‘जादा’ हवा सोडणे चुकीचे. थंड झाल्यावर तोच टायर कमी दाबाचा होतो. चारचाकीत योग्य दाब किती, याचे कोष्टक बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेले असते. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांचे आकडे त्यात अनेकदा वेगळे दिलेले असतात.

नायट्रोजनबाबत दोन मते आढळतात. कोरडा नायट्रोजन भिंतीतून थोडा सावकाश झिरपतो व त्यात बाष्प नसते, एवढे पहिल्या पक्षाचे म्हणणे खरे आहे. परंतु साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोहोंच्या प्रसरणात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. दर पंधरवड्याला साधी हवा तपासणारा कारचालक नायट्रोजन भरून निर्धास्त राहणाऱ्यापेक्षा अधिक सुरक्षित असतो, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आहे व तेच ग्राह्य वाटते.

नागपूर–शिर्डी टप्प्यापासून 11 डिसेंबर 2022 रोजी खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गावरील अपघातांमुळे हा विषय महाराष्ट्रात वर्तमानपत्रांतून गाजला. काँक्रीटच्या घर्षणाने टायर फुटतात, हे स्पष्टीकरण त्या वेळी बरेच रूढ झाले. रस्त्याच्या पृष्ठभागाचा झिजेवर परिणाम होतो. तथापि कमी हवा, जादा भार, जुने टायर आणि तासन्‌तास न उतरणारा वेग यांच्यापुढे तो वाटा लहान मानला जातो. शिवाय ‘टायर फुटला’ हे कारण जितके सहज सांगितले जाते, तितके ते तपासात टिकत नाही. 1 जुलै 2023 रोजी सिंदखेडराजाजवळ झालेल्या खासगी बसच्या भीषण अपघातात चालकाने टायर फुटल्याचे सांगितले होते. परिवहन विभागाच्या अहवालात तसा पुरावा आढळला नाही. परदेशात याउलट उदाहरण 2000 सालचे. फायरस्टोनने अमेरिकेत नक्षीचा थर सुटण्याच्या दोषामुळे सुमारे 65 लाख टायर परत मागवले. त्यानंतर तेथे कायदा झाला आणि नव्या गाड्यांत दाब दाखवणारी यंत्रणा सक्तीची झाली.

नक्षी, वय व पाऊस : नक्षीचे खाच पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात, कोरड्या रस्त्यावर त्यांचा विशेष उपयोग नाही. साचलेल्या पाण्यावर वेग वाढला की टायर पाण्याच्या थरावर उचलला जातो व स्टीअरिंग हलके पडते. विमानांच्या चाकांवर संशोधन करताना अमेरिकेच्या नासामधील वॉल्टर हॉर्न व सहकाऱ्यांनी 1963 मध्ये एक सूत्र मांडले : हा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ताशी किलोमीटर व पीएसआय या एककांत गुणक सुमारे 16.7 येतो. 33 पीएसआयला ताशी 96 किमी, 25 ला ताशी 83 किमी. मोटारीच्या रुंद टायरला हे आकडे तंतोतंत लागू नाहीत आणि झिजलेल्या नक्षीने मर्यादा आणखी खाली येते, पण पावसाळ्यात कमी हवा का घातक हे त्यावरून कळते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार नक्षीची किमान खोली मोटारीसाठी 1.6 मिमी व दुचाकी-तीनचाकीसाठी 0.8 मिमी आहे. खाचांच्या तळाशी असलेले रबराचे उंचवटे पृष्ठभागाला टेकले की मोटारीचा टायर ‘गोटा’ झाला असे समजावे.

भिंतीवरील मजकुरातील शेवटचा चार अंकी गट निर्मितीचा काळ सांगतो. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर वयानुसार कडक होते. काही मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर बदलण्यास सांगतात, टायर उत्पादक बहुधा दहा वर्षांची अंतिम मर्यादा देतात. उन्हात उभ्या असणाऱ्या व कमी चालणाऱ्या गाड्यांना पहिला आकडा लावणे बरे.

दुरुस्ती : ट्यूबचे पंक्चर काढण्याची रीत शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. टायरची एक कड लोखंडी पट्ट्यांनी रिमबाहेर काढायची, ट्यूब फुगवून पाण्याच्या टाकीत फिरवायची, बुडबुडे येतील तिथे खूण करायची. मग ती जागा कानशीने खरवडून, सोल्यूशन लावून, ते सुकत आल्यावर ठिगळ दाबायचे. सोल्यूशन ओले असताना ठिगळ लावले तर ते धरत नाही. गरम ठिगळाच्या पद्धतीत कच्चे रबर उष्णतेने व दाबाने ट्यूबशी एकजीव करतात. तीच व्हल्कनीकरणाची प्रक्रिया, लहान प्रमाणावर. सगळे झाल्यावर टायरच्या आतून हात फिरवणे आवश्यक असते, कारण रुतलेला खिळा तसाच राहिल्यास नवी ट्यूबही तासाभरात जाते.

ट्यूबलेस टायरमध्ये आतला थर खिळ्याभोवती घट्ट बसतो व हवा सावकाश जाते. असा खिळा वाटेत उपटू नये. रस्त्यावरच्या दुकानांत भोक सळईने मोठे करून बाहेरून डिंकाने माखलेली दोरी घालतात. काम पाच-दहा मिनिटांत होते व चाक उतरवावेही लागत नाही. ब्रिटन व अमेरिकेतील दुरुस्तीच्या मानकांत ही पद्धत पक्की धरलेली नाही. टायर रिमवरून काढून आतून तपासावा आणि देठ असलेले, छत्रीच्या आकाराचे ठिगळ आतून बसवावे. भोक 6 मिमीपेक्षा मोठे नसावे व ते नक्षीच्या मधल्या पट्ट्यात असावे, अशी त्यांची अट आहे. खांदा व भिंत सतत वाकत असल्याने तिथली दुरुस्ती कोणत्याच पद्धतीने टिकत नाही. दोरीला तात्पुरता उपाय मानण्याचे खरे कारण आतून न पाहणे हे आहे. हवा कमी असताना गाडी काही किलोमीटर चालली असेल तर भिंतीच्या आत काळी रबरी भुकटी साचते. ती दिसली की भोक कितीही बारीक असले तरी टायर बाद करावा लागतो.

महाराष्ट्रात महामार्गांवरील ही दुकाने बरीचशी परप्रांतीय, विशेषतः केरळी व उत्तर भारतीय कारागीर चालवतात. झाडाला किंवा खांबाला टांगलेला, पांढऱ्या रंगाने ‘पंक्चर’ लिहिलेला टायर हीच त्यांची पाटी.

चाक बदलणे व जादा चाक : गाडी रस्त्याबाहेर सपाट, टणक जागी घेऊन हँडब्रेक लावावा व कर्णातील विरुद्ध चाकाला दगड लावावा. नट जॅक लावण्यापूर्वी, चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत. बसवताना समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. धावत्या गाडीचा टायर गेल्यास जोरात ब्रेक दाबू नये. स्टीअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून वेग आपोआप उतरू द्यावा.

जादा चाकाला भारतात रूढ असलेले ‘स्टेपनी’ हे नाव वेल्समधील लनेलीच्या स्टेपनी रस्त्यावरून आले. तेथील डेव्हिस बंधूंनी 1904 च्या सुमारास, पंक्चर झालेल्या चाकावर चढवता येईल असे आरे नसलेले जादा चाक विकायला सुरुवात केली. अलीकडे अनेक गाड्यांत ते लहान व अरुंद असते आणि त्यावर बहुधा ताशी 80 किमीची मर्यादा लिहिलेली असते. केंद्र सरकारच्या जुलै 2020 मधील दुरुस्तीने चालकाशिवाय आठपर्यंत आसनांच्या प्रवासी गाड्यांना, ट्यूबलेस टायर, दाबदर्शक यंत्रणा व दुरुस्ती संच असल्यास, जादा चाक न ठेवण्याची मुभा दिली. या संचातील चिकट द्रव लहान भोके बुजवतो, फाटलेल्या भिंतीपुढे त्याचा उपयोग नसतो. तो वापरल्याचे दुकानदाराला आधी सांगावे, कारण आतून ठिगळ लावण्यापूर्वी टायर धुवावा लागतो.