‘काळे’ आधी की ‘कावळे’? अकारविल्हे लावणाऱ्या कोडची पार्श्वभूमी

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेल कारखान्यांसाठी आम्ही हजेरी-पगाराचं सॉफ्टवेअर सांभाळतो. कामगारांची नावं अकारविल्हे लावणारा त्यातला आमचा घरचा कोड आता निघणार आणि त्या जागी ‘आयसीयू’ ही मुक्तस्रोत लायब्ररी, म्हणजे कुणालाही वापरता येणारा तयार कोडचा संच, येणार. नव्या मुलांना जुना कोड विचित्र वाटतो. तो तसा का झाला, हे त्यांना माहीत असायला हवं.

जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात देवनागरी १९९१ पासून आहे. पण कोड लिहिला गेला तेव्हा कारखान्यांच्या संगणकांवर जुने फॉन्ट होते. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले. त्यांत ‘किसन’ लिहिताना वेलांटी आधी पडायची, ‘क’ नंतर, आणि साठवणही त्याच क्रमाने. यादी सरळ लावली की किसन, गिरीश, विठ्ठल सगळे वेलांटीपाशी गोळा. म्हणून आमच्या सरांनी वेलांटी उचलून अक्षरामागे नेणारा कोड हाताने लिहिला. तयार काही हाताशी नव्हतं. त्या काळात ते उत्तम काम होतं, असंच मी म्हणेन.

कारखान्यांत युनिकोड आल्यावर वेलांटी जागेवर बसली, क्रम मात्र बसला नाही. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे, त्यामुळे काळे कावळ्यांच्या आधी येतात. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर. क्षीरसागर तर थेट ‘क’मध्ये जातात, कारण तिथे क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. मग अटींवर अटी चढल्या. एका कारखान्याच्या प्रतीत केलेली दुरुस्ती दुसऱ्याच्या प्रतीत राहून गेली, आणि पगाराच्या यादीत माणूस सापडेना.

तयार सुट्या भागांतून सॉफ्टवेअर उभारावं, हे संगणकतज्ज्ञ डग्लस मॅक्इलरॉय यांनी १९६८ सालीच जर्मनीतल्या गार्मिशच्या सॉफ्टवेअर परिषदेत मांडलं होतं. चादर विणणारा कारखानदारसुद्धा सूत गिरणीतूनच आणतो. आयसीयूचं मूळ अॅपल आणि आयबीएमच्या टॅलिजंट या कंपनीतलं. आयबीएमने १९९९ मध्ये ती खुली केली, २०१६ पासून ती युनिकोड सांभाळणाऱ्या युनिकोड कन्सॉर्शियम या संस्थेकडे आहे. भाषावार नियम तिला ‘सीएलडीआर’ या सामायिक भांडारातून मिळतात, आणि त्यातल्या मराठीच्या क्रमात ह नंतर ळ, क्ष, ज्ञ आहेत. हेच मला सर्वांत मोलाचं वाटतं: आपली वर्णमाला तिथे नोंदलेली आहे.

धोकाही खरा आहे. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हा अकरा ओळींचा भाग एनपीएम या जावास्क्रिप्टच्या तयार भागांच्या भांडारातून काढला गेला आणि त्यावर विसंबलेले असंख्य प्रकल्प अडले. म्हणून आयसीयूची एकच आवृत्ती आम्ही ठरवून बांधून ठेवू आणि तिची प्रत स्वतःकडे ठेवू.

वेलांटी हलवणारा भाग मात्र राहणार. जुन्या फॉन्टमधल्या हजेरीच्या नोंदी अजून तशाच पडून आहेत. त्या युनिकोडमध्ये आणायला तोच लागेल.