धातू कुरतडणारा बुडबुडा

कृष्णाकाठी कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत उपशाच्या जॅकवेल, म्हणजे नदीचे पाणी उपसण्यासाठी बांधलेल्या विहिरी, उभ्या आहेत आणि त्या चालवणाऱ्यांना उन्हाळ्यातला एक आवाज ओळखीचा असतो. नदीची पातळी खाली गेलेली असते, सक्शन पाइपला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळीला, ते अधिक खोलीवरून ओढावे लागते, नळीच्या तळाशी असलेल्या फूटव्हॉल्व्हच्या जाळीत पालापाचोळा अडकलेला असतो. अशा वेळी पंपाच्या आत खडी फिरत असल्यासारखी खडखड सुरू होते. पंप उघडल्यावर खडी सापडत नाही, पण इंपेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या, पात्यांवर बारीक खड्ड्यांचे ठिगळ दिसते आणि काही ठिकाणी धातूची जाडी निम्म्यावर आलेली असते. या दुखण्याला अभियंते कॅव्हिटेशन म्हणतात. जहाजाच्या प्रोपेलरलाही नेमके हेच दुखणे जडते. गेली सव्वाशे वर्षे जहाजाचे इंजिन किती वेगाने फिरावे, प्रोपेलर केवढा असावा आणि त्याच्या पात्यांना कोणता आकार द्यावा, हे बऱ्याच अंशी या दुखण्याच्या धाकाने ठरत आले आहे.

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, हे विधान समुद्रसपाटीपुरतेच खरे आहे. जिथे कृष्णा उगम पावते त्या महाबळेश्वरात, सुमारे १,३७० मीटर उंचीवर, पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळू लागते, कारण तिथे हवेचा दाब कमी असतो. दाब आणखी कमी करत नेला तर उकळण्याचे तापमानही खाली उतरत जाते, आणि दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे चाळिसाव्या भागावर आला की २० अंशांचे थंड पाणीसुद्धा वाफ होऊ लागते. पंपाच्या सक्शनच्या बाजूला घडते ते हेच. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे तर नदीच्या पृष्ठभागावरचा हवेचा दाब पाण्याला पाइपमधून वर ढकलत असतो. हा दाब समुद्रसपाटीवर पाण्याचा १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलू शकतो, तर सांगलीत सुमारे ९.७ मीटरचा. त्यातून पाइपमधले घर्षण आणि इंपेलरच्या तोंडाशी वाढणारा प्रवाहाचा वेग वजा केला की प्रत्यक्षात सहा-सात मीटरच हाती उरतात. ही मर्यादा ओलांडली की पाण्यात वाफेचे बुडबुडे जन्म घेतात.

जहाजाच्या प्रोपेलरला पाणी वर ओढायचे नसते, त्याला ते मागे ढकलायचे असते. त्याचे प्रत्येक पाते विमानाच्या पंखासारखे काम करते, म्हणजे एका बाजूला दाब वाढतो, दुसऱ्या बाजूला घटतो आणि या फरकातून जहाजाला पुढे नेणारा रेटा मिळतो. रेटा जितका जास्त हवा, तितका चोषणाच्या बाजूचा दाब खाली आणावा लागतो. २००६ मध्ये समुद्रात उतरलेल्या ‘एम्मा मेर्स्क’ या कंटेनरवाहू जहाजाचा प्रोपेलर ९.६ मीटर व्यासाचा आणि १३१ टन वजनाचा आहे. मिनिटाला १०२ फेऱ्यांच्या पूर्ण वेगात त्याच्या पात्याचे टोक ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने पाणी कापते. या वेगाशी निगडित गतिज दाब, म्हणजे वेगामुळे होणाऱ्या दाबबदलाचे माप, हवेच्या दाबाच्या तेरापट भरतो, तर समुद्रात पाच मीटर खोलीवर पाण्याकडे असलेली दाबाची एकूण शिल्लक जेमतेम दीडपट असते. त्या तेरापटीचा आठवा हिस्सा जरी पात्याच्या पाठीवर उणा झाला, तरी तिथले पाणी उकळते.

हा धोका प्रथम लक्षात आला तो वेगाच्या हव्यासातून. १८९३ मध्ये पाण्यात उतरलेल्या ब्रिटिश नौदलाच्या ‘डेअरिंग’ या जहाजाच्या चाचण्या झाल्या, तेव्हा पुरेशी शक्ती देऊनही अपेक्षित वेग मिळेना. पात्यांचे क्षेत्रफळ वाढवून तोच भार अधिक पृष्ठभागावर पसरवला, तेव्हा तो मिळाला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश अभियंते चार्ल्स पार्सन्स यांनी वाफेच्या टर्बाइनवर, म्हणजे वाफेच्या झोताने फिरणाऱ्या पात्यांच्या चक्रावर, चालणारी ‘टर्बिनिया’ ही सुमारे ३१ मीटर लांबीची नौका पाण्यात उतरवली. टर्बाइन उत्तम होते, पण नौका २० नॉटही (ताशी ३७ किलोमीटर) गाठत नव्हती, कारण अतिवेगाने फिरणारा एकुलता एक प्रोपेलर स्वतःच निर्माण केलेल्या वाफेच्या पोकळीत घुसळत राहत होता. या टप्प्यावर पार्सन्स यांनी जे केले ते मला टर्बाइनच्या शोधाइतकेच मोलाचे वाटते. त्यांनी इंजिनाला दोष देत बसण्याऐवजी पाण्याकडे पाहायचे ठरवले. जवळपास उकळीला आलेल्या पाण्यात दोन इंच व्यासाचा छोटा प्रोपेलर फिरवून त्यांनी बुडबुडे मुद्दाम निर्माण केले. मग १८९५ मध्ये तांब्याच्या बंद वर्तुळाकार मार्गात पाणी खेळवून, आतला दाब कमी करून आणि दर फेरीला एकदाच चमकणाऱ्या प्रकाशाने प्रोपेलर डोळ्यांना स्थिर भासवून त्यांनी तो देखावा न्याहाळला. कॅव्हिटेशन टनेल या संशोधन-साधनाचा हा पहिला अवतार होता. निष्कर्ष हाती आल्यावर त्यांनी ‘टर्बिनिया’ला तीन दांडे आणि प्रत्येक दांड्यावर तीन असे नऊ प्रोपेलर बसवले. २६ जून १८९७ रोजी स्पिटहेड येथे राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवी नौदल संचलनात ही नौका सुमारे ३४ नॉट, म्हणजे ताशी ६३ किलोमीटर वेगाने युद्धनौकांच्या रांगांमधून धावली.

बुडबुडा तयार होण्याने रेटा घटतो, पण धातू खाल्ला जातो तो बुडबुडा मिटताना. पात्यावरून पुढे वाहत गेलेला बुडबुडा जास्त दाबाच्या भागात शिरतो आणि आतली वाफ क्षणात पुन्हा पाणी होते. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा हवेच्या दाबाखाली सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाहून कमी वेळात मिटतो, आणि त्या पोकळीत चहूबाजूंनी धावत आलेले पाणी परस्परांवर आदळते. या क्रियेचे गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडले. त्यांनी बुडबुडा पूर्ण गोल धरला होता. धातूजवळ मात्र तो गोल राहत नाही, कारण भिंतीच्या बाजूने पाणी सहज आत येऊ शकत नाही आणि समोरच्या बाजूचे पाणी बुडबुड्याला आरपार भेदून भिंतीवर सूक्ष्म धारेच्या रूपाने आपटते. या धारेचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या पुढे जातो आणि आघाताच्या बिंदूवर क्षणभर हवेच्या दाबाच्या दीड हजारपट दाब उत्पन्न होतो. प्रोपेलर ज्या मिश्रधातूचे करतात त्या निकेल-ॲल्युमिनियम कांस्याचे एका आघाताने काही बिघडत नाही. लाखो आघातांनी मात्र धातू थकतो, त्याला केसाएवढ्या भेगा जातात आणि कण सुटू लागतात.

यातून इंजिनावर काय परिणाम झाला, हे पाहण्यासारखे आहे. टर्बाइनला वेगाने फिरणे मानवते, प्रोपेलरला सावकाश. पार्सन्स यांनीच पुढे दोहोंमध्ये दातेरी चाकांची पेटी घालून हा कलह मिटवला. १९१२ मध्ये ‘सेलँडिया’ हे डिझेल इंजिनावर चालणारे मोठे जहाज डेन्मार्कहून महासागरी प्रवासाला निघाले आणि त्यानंतर व्यापारी जहाजांच्या इंजिनांनी वेगळीच वाट धरली. आज मोठ्या जहाजांत दुहेरी फटक्याचे, म्हणजे टू-स्ट्रोक, मंदगती डिझेल इंजिन असते आणि ते गिअरशिवाय थेट प्रोपेलरच्या दांड्याला जोडलेले असते. ‘एम्मा मेर्स्क’चे १४ सिलिंडरचे, २,३०० टनांचे इंजिन ८०,०८० किलोवॉट शक्ती देते आणि इंधनातल्या उष्णतेचा जवळजवळ अर्धा भाग कामात उतरवते. त्यानंतरच्या पिढीत पिस्टनची धाव आणखी लांब झाली. ८० सेंटिमीटर व्यासाच्या एका प्रचलित सिलिंडरात पिस्टन ३.७२ मीटर धावतो आणि इंजिन मिनिटाला सुमारे ७२ फेऱ्यांवर काम करते. थोडे पाणी जोराने मागे फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी हळू ढकलणे इंधनाच्या दृष्टीने फायद्याचे ठरते, म्हणून मोठा आणि मंद प्रोपेलर हवा. तो मंद फिरला की बुडबुडेही आटोक्यात राहतात.

आटोक्यात राहतात, संपत नाहीत. जहाजाच्या देहाला घासत आलेले पाणी त्याच्या मागे मंदावलेले असते, आणि ते सगळीकडे सारखे मंदावत नाही. प्रोपेलरचे पाते फिरता फिरता वरच्या टोकाला आले की त्याला सर्वांत मंद प्रवाह मिळतो, आणि तिथेच खोलीही सर्वांत कमी असते. त्यामुळे प्रत्येक पाते प्रत्येक फेरीत त्या जागी वाफेची चादर पांघरते आणि खाली उतरताना टाकून देते. या लयबद्ध धडधडीने जहाजाचा मागचा भाग कंप पावतो. पाते तलवारीसारखे मागे वळवले की ते या मंद पट्ट्यात एकदम न शिरता क्रमाक्रमाने शिरते, आणि धक्का बोथट होतो.

अशा प्रोपेलरची परीक्षा आजही पार्सन्स यांच्याच रीतीने होते. प्रतिकृती लहान असते आणि पाण्याचा वेगही कमी, म्हणून बुडबुड्यांचे प्रमाण खऱ्या जहाजासारखे राखण्यासाठी टनेलमधला दाब हिशेबाने उतरवावा लागतो. आपल्याकडे विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान आणि तंत्रज्ञान प्रयोगशाळेत असा टनेल आहे. त्याच शहरात उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४१ मध्ये जहाजबांधणीचा कारखाना उभारायला घेतला आणि १९४८ मध्ये तिथून ‘जल-उषा’ हे जहाज पाण्यात उतरले. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे, हे इथल्या विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे मला वाटते.

झीज मोजण्याच्या बाबतीत मात्र संशोधन अजून चाचपडते आहे. प्रतिकृतीच्या पात्यांवर मऊ रंग लावून तो कुठे उडतो हे पाहतात, आणि संगणकावरून बुडबुडे कुठे उठतील आणि कुठे मिटतील हेही बऱ्यापैकी सांगता येते. पण अमुक धातू अमुक तासांत किती झिजेल, हे विश्वासाने सांगणे अवघड आहे. या प्रश्नाला सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून हातभार लागू शकतो. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजनांचे मोठे पंप आणि काठावरचे असंख्य छोटे पंप इथे चालतात, १९१० मध्ये वसलेली आणि पंपांसाठी देशभर ओळखली जाणारी किर्लोस्करवाडी पलूस तालुक्यात आहे, आणि झिजलेले इंपेलर भंगारात जातात. इंपेलरचा धातू, चाललेले तास आणि त्या काळातली नदीची पातळी यांची नोंद ठेवून तो झिजलेला तुकडा तपासला, तर प्रयोगशाळेला सहजी न मिळणारी दीर्घकालीन माहिती हाती येईल.

अलीकडे या विषयाला आणखी एक बाजू जोडली गेली आहे. मिटणाऱ्या बुडबुड्यांचा आवाज पाण्यात फार दूरवर जातो. पाणबुडीला तो शत्रूच्या हाती सापडवतो, म्हणून नौदलांनी त्यावर पूर्वीपासून खर्च केला. व्यापारी जहाजांचा तोच आवाज मंद स्वरात संवाद साधणाऱ्या देवमाशांच्या कानी पडतो, म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ मध्ये त्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये त्या सुधारल्या. वेग कमी करणे हा सर्वांत सरळ उपाय दिसतो. प्रोपेलरला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग दहा टक्क्यांनी उतरवला की शक्तीची गरज सुमारे २७ टक्क्यांनी घटते आणि बुडबुडेही कमी होतात. परंतु ज्या जहाजांत पात्यांचा कोन बदलता येतो आणि दांड्याचे फेरे तेच ठेवले जातात, तिथे वेग उतरवताना पाती इतकी सपाट होतात की बुडबुडे चोषणाची बाजू सोडून दाबाच्या बाजूला उठू लागतात, आणि सावकाश जाणारे जहाज पूर्वीपेक्षा अधिक गोंगाट करते. अशा जहाजांत फेरे आणि कोन दोन्ही एकत्र उतरवणारी नियंत्रण-पद्धती वापरावी लागते.