डावीकडचा दीड हात

आमच्या वाड्यावरून गोव्यातल्या, पणजीजवळच्या रायबंदरच्या मुख्य रस्त्याला उतरताना एक वळण लागतं. डाव्या हाताला जांभ्या दगडाची जुनी भिंत, वर फणसाची गच्च सावली. गेल्या जुलैत सकाळी पावणेआठ वाजता मी त्या वळणावर सायकलसकट आडवी झाले. ब्रेक दाबला नव्हता, समोरून कुणी आलं नव्हतं, पाऊसही थांबला होता. हँडल जरासं वळवलं आणि पुढचं चाक साबणावरून जावं तसं बाहेर निघून गेलं.

मागून पदेर, म्हणजे आमचा पाववाला, येत होता, चालत. एरवी हा माणूस कॅरियरवर पावांची भली मोठी टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक आणि एका हाताने भोंपू दाबत भर पावसातही मजेत सायकल हाणतो. या वळणावर मात्र तो दहा पावलं आधीच उतरतो, सायकल रस्त्याच्या मध्यावर घेतो आणि वळण संपलं की पुन्हा टांग मारतो. "सवकास, बाय," तो म्हणाला. मी पडून झाल्यावर म्हणाला, पण म्हणाला.

गुडघा बरा होईपर्यंत बसून थोडं गणित केलं. ताशी १८ किलोमीटर हा सायकलीचा साधा वेग, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. त्या वळणाची त्रिज्या ५ मीटर धरली, तर सायकल वळणात टिकायला टायर आणि रस्त्यामधला घर्षण गुणांक, म्हणजे पकडीचं माप, किमान ०.५ हवा. चांगल्या डांबरावर, ते ओलं असलं तरी, हे बहुधा निभतं. शेवाळावर त्याच्या जवळपासही काही मिळत नाही. वेग निम्मा केला तर लागणारं घर्षण निम्मं होत नाही, चौथ्या हिश्शावर येतं, कारण इथे वेगाचा वर्ग मोजला जातो. आणि उतरून सरळ चालत गेलं की वळण्यासाठी टायरकडून काही मागावंच लागत नाही. पदेराने हे सूत्र कधी लिहिलं नसेल, पण उत्तर त्याचंच बरोबर होतं.

शेवाळ म्हणतो ते एकट्या शेवाळाचं काम नसतं. हिरवी शैवालं, निळीहिरवी म्हणजे सायनोबॅक्टेरिया आणि त्यांच्यासोबत राहणारे इतर जिवाणू मिळून दगडावर एक पातळ थर धरतात. हे जीव शर्करांच्या लांब साखळ्यांचा बुळबुळीत पदार्थ बाहेर सोडतात. तो त्यांना दगडाला चिकटवून ठेवतो आणि स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो. टायरचं रबर खडबडीत डांबराच्या खाचांत दबून पकड घेतं. या थराने खाचा भरल्या की रबर डांबराला टेकतच नाही, ते जेलीवर टेकतं. म्हणून पाऊस थांबून दोन तास झाले तरी माझं वळण कोरडं झालं नव्हतं. सावलीतली ओल आणि भिंतीतून झिरपणारं पाणी त्याला पुरेसं होतं.

पण मग त्याच वळणावरून रोज पन्नास स्कूटर जातात, त्या का पडत नाहीत? एक दिवस तिथे उकिडवी बसून नीट पाहिलं. गाड्यांची चाकं जिथून जातात ते दोन पट्टे स्वच्छ, करडे. मधली पट्टी थोडी काळपट. आणि डाव्या कडेचा साधारण दीड हात हिरवाकच्च. चाकं रोज घासतात तिथे शेवाळाला बूड धरता येत नाही. जिथे कुणी जात नाही तिथे ते सुखाने नांदतं. आणि सायकलवाल्याला सगळे काय सांगतात? डावीकडून जा.

रस्ता सपाट नसतो. पाणी वाहून जावं म्हणून तो मध्ये उंच आणि कडेला उतरता केलेला असतो. डांबरी रस्त्याला दर मीटरमागे साधारण दोन-अडीच सेंटिमीटर उतार ठेवतात. त्या उतारावरून पाणी कडेला येतं आणि येताना वाळू, काचा, खिळे, पाला सगळं घेऊन येतं. वरून गाड्यांची चाकंही मधला भाग झाडून कचरा बाजूलाच उडवतात. म्हणजे रस्त्याचा सगळा केर गोळा करण्याची जागा आणि सायकलची जागा एकच. ज्याला आपण एक रस्ता म्हणतो त्यात दोन रस्ते असतात. मोटारीचा रस्ता बारा महिने थोड्याफार फरकाने सारखा. सायकलीचा, हा डावीकडचा दीड हात, दर महिन्याला नवा.

मे संपत आला की त्यावर जांभळं पडतात. पिकलेल्या जांभळाचा गर आणि आत गुळगुळीत बी, अगदी केळीच्या सालीचा धाकटा भाऊ. मग येतो पहिला पाऊस, आणि मातीच्या वासाने सगळे कविता करतात तेव्हा सायकलवाल्याने घाबरावं अशी वेळ असते. सात-आठ महिने रस्त्यावर गळलेलं तेल, टायरचा झिजलेला रबरी भुगा आणि धूळ डांबराच्या छिद्रांत बसलेली असते. पाण्याहून हलकं तेल पहिल्या सरीत वर येतं, धुळीची पेस्ट होते आणि दोन्ही मिळून रस्त्याला वंगण घालतात. अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदी तपासणाऱ्या संशोधकांना असं दिसलं की पावसाशिवाय जितके जास्त दिवस गेलेले असतात, तितका त्यानंतरचा पाऊस जास्त घातक ठरतो. आपल्याकडे ही उघडीप काही दिवसांची नाही, ऑक्टोबर ते मे अशी असते. दणकून पाऊस झाला की हे वंगण धुऊन जातं, पण धुऊन जातं कुठे? उतारावरून कडेला. मोटारीचा रस्ता आधी स्वच्छ होतो, आपला सर्वांत शेवटी.

याउलट ज्याची भीती लोक उगाच बाळगतात ते म्हणजे पाण्यावर तरंगत घसरणं. मोटार वेगात असली की टायरखाली पाण्याची पाचर शिरते आणि चाक रस्त्यावरून उचललं जातं. सायकलवर मात्र हे विसरून जा. १९६० च्या दशकात नासामध्ये विमानांच्या चाकांसाठी मांडलेलं सूत्र सांगतं की हा वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. पन्नास पौंड हवा भरलेल्या टायरला त्यासाठी ताशी ११८ किलोमीटरच्या आसपास पळावं लागेल. त्यामुळे दुकानदार पावसाळ्यासाठी खोल नक्षीचा टायर गळ्यात मारू लागला तर डांबरी रस्त्यापुरते पैसे वाचवा. नक्षी चिखलात कामाला येते.

चिखलाचं म्हणाल तर आमचा चिखल साधा नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. अशा उष्ण, ओल्या हवेत लाखो वर्षं खडकातली सिलिका धुऊन जाते, मागे लोखंडाची आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं उरतात, आणि तोच आपला जांभा दगड. लाल रंग लोखंडाचा. त्याच्या मातीत केओलिन नावाची चिकणमातीही असते. तिचे कण म्हणजे सूक्ष्म चकत्या, थरावर थर ठेवलेल्या. मध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा शिरला की चकत्या एकमेकींवरून पत्त्यांसारख्या सरकतात. म्हणून डोंगर कापलेल्या जागी रस्त्यावर उतरलेली लाल माती धो धो पावसात फारशी त्रास देत नाही, ती वाहून जाते. नुसती भुरभुर पडते तेव्हा ती चाकाला फसवते. आमच्याकडे पाऊस थांबला की निघायचं अशी पद्धत आहे. सायकलवाल्याने कधीकधी उलट करावं.

लाल पाण्याची आणखी एक खोडी. ते इतकं गढूळ असतं की डबकं बोटभर आहे की गुडघाभर, कळत नाही. खड्डाही पाण्यानेच केलेला असतो. डांबराचं आणि खडीचं नातं वरवरचं असतं, बऱ्याच खडीला पाणी जास्त प्रिय. भेगेतून आत गेलेलं पाणी डांबर सोडवून खडीला बिलगतं. वरून जाणारं प्रत्येक चाक ते पाणी दाबाने आत-बाहेर ढकलतं आणि खडी एकेक करून सुटते.

खोदकामाने केलेली इजा निराळी. पणजीत गेली काही वर्षं इतकं खोदलं आणि बुजवलं गेलंय की जुन्या रस्त्याला नवा रस्ता शिवल्यासारखा दिसतो. ही शिवण आडवी असेल तर दणका बसतो, बस्स. ती रस्त्याच्या लांबीला समांतर असेल आणि दोन्ही बाजूंत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक असेल तर जपावं. कारण सायकल उभी राहते ती सतत हँडल वळवून. ती डावीकडे कलू लागली की पुढचं चाक डावीकडे वळतं, चाकं परत वजनाखाली येतात. आपण हे दर क्षणी नकळत करत असतो. फिरत्या चाकाच्या भिंगरीपणामुळे सायकल उभी राहते असं शाळेत ऐकलं होतं. २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी तो परिणाम काढून टाकलेली सायकल बनवली. विशिष्ट वेगात ती माणसाशिवायही तोल सावरत गेली, कलत्या बाजूला आपोआप वळत. आता विचार करा, चाक खालच्या पट्ट्यावर आहे आणि शेजारी दोन-तीन सेंटिमीटरची भिंत. वर चढायला जाता, चाक कडेला घासत राहतं, वळत नाही. सायकल मात्र कलतच जाते आणि आपण पडतो तेही वाहनांच्या बाजूला. चढायचंच असेल तर वेग कमी करून जरा लांबून, तिरकस मोठ्या कोनात चढावं. आणि मागे पाहून.

आता माझा आवडता भाग, रायबंदरचा कॉजवे. पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिस याच्या काळात, १६३३-३४ मध्ये, दलदलीवर बांधलेला सुमारे तीन किलोमीटरचा हा दगडी बांध. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला खारफुटी आणि मिठागरं. सायकलला याहून सपाट रस्ता गोव्यात मिळायचा नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी मी इथून अक्षरशः फुकट जाते. सकाळी जमीन थंड असते, वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे शाळेत शिकलेले मतलई वारे. मी पूर्वेकडून पश्चिमेला, पणजीकडे जाते, पाठीवर वारा. दुपारनंतर खारे वारे उलटे, आणि मी घरी निघालेली. पुन्हा पाठीवर. हवेचा विरोधही वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १५ ने जाताना समोरून १५ चाच वारा असेल तर विरोध चौपट, मागून असेल तर जवळजवळ शून्य. पणजीत राहून रायबंदरला नोकरी करणाऱ्याची मला मनापासून कीव येते. पावसाळ्यात हिशेब चुकता होतो म्हणा, सकाळीच तोंडावर पश्चिमेचा वारा.

हिवाळ्यातली एक गंमत मात्र उशिरा उमगली. पाऊस नाही, तरी पहाटे कॉजवेची कड ओली असते. थोडं दंव असतं, पण दंव उडून गेल्यावरही ती कळकट ओल राहते. ते मिठाचं काम. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. खाऱ्या पाण्याच्या तुषारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला तर तेवढीही आर्द्रता लागत नाही. रस्त्याला हे थोडंफार चालतं, सायकलच्या साखळीला नाही. साखळीवर खाऱ्या पाण्याचा थर कधी पुरता वाळतच नाही आणि गंज रात्रंदिवस काम करतो. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, पुसा, मग तेल. नुसतं तेल ओतलं तर मीठ आतच कोंडलं जातं.

शेवटी भरती. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की पणजीच्या सखल भागांत पाणी का साचतं, हे खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, पाहिलेल्याला सांगायला नको. खाजनाच्या मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेची, दारं ओहोटीला उघडून पाणी बाहेर सोडतात, भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात. शहराची गटारंही नदीतच सुटतात. भरतीला त्यांची तोंडं पाण्याखाली जातात, आणि आतलं पाणी जाणार कुठे? म्हणून पावसाळ्यात मी निघण्याआधी भिंतीवरची दिनदर्शिका बघते. किनाऱ्यावरचं जुनं गणित आहे, तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरायची. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याचंच हे सोपं रूप. यातून एक मजेदार गोष्ट निघते. उधाण येतं अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर मोठी भरती नेहमी दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या आसपासच असते. संध्याकाळी सहाला घरी निघणाऱ्याला त्या दिवसांत ओहोटी मिळते. सहाची भरती येते ती अष्टमीला, आणि तेव्हा ती भांगाची, बेताची. मिठाई घेऊन दुपारी घरी जेवायला निघालेल्यांनी मात्र नारळी पौर्णिमेला जपून असावं.

आमच्या वळणावरचं शेवाळ ऑक्टोबरच्या उन्हात वाळलं. काळे पापुद्रे निघाले, पापडासारखे कडेने वर वळलेले. मी निर्धास्त झाले. नोव्हेंबरात एका रात्री अवकाळी सर आली. सकाळी गेटपाशी पोचले तर पदेर वळणाआधी दहा पावलांवर सायकलवरून उतरत होता. सायनोबॅक्टेरिया वाळले म्हणून मरतात असं नाही. पाणी मिळालं की काही तासांत ते पुन्हा प्रकाशसंश्लेषण सुरू करतात, आणि बुळबुळीत व्हायला तर त्याहून कमी वेळ लागतो. मीही उतरले.