रिओहा रेड वाइन : चव आणि सोबतचे पदार्थ

रिओहा ही उत्तर स्पेनमध्ये एब्रो नदीच्या खोऱ्यात तयार होणारी वाइन. तिचे द्राक्षमळे मुख्यतः ला रिओहा, बास्क प्रदेशातील आलावा आणि नवारा या भागांत आहेत. उत्तरेची सिएरा दे कांताब्रिया ही डोंगररांग अटलांटिककडचे गार, ओले वारे अडवते. त्यामुळे द्राक्षे नीट पिकतात आणि त्यांतला आंबटपणाही टिकतो. स्पेनमधील वाइनप्रदेशांसाठीचा ‘कालिफिकादा’ हा वरचा दर्जा सर्वांत आधी, १९९१ मध्ये, रिओहाला मिळाला. इथे पांढरी आणि गुलाबी वाइनही होते, पण नाव झाले ते रेड वाइनमुळे.

मुख्य द्राक्ष टेंप्रानिओ. त्यातून लाल चेरी आणि आलुबुखाराची चव येते. गार्नाचा जातीची द्राक्षे मिसळली की वाइन भरदार होते, तर ग्रासिआनो आणि मासुएलो या जाती थोड्या प्रमाणात घातल्याने रंग आणि आंबटपणा वाढतो. तरीही जुन्या धाटणीची रिओहा ओळखू येते ती ओकच्या पिंपामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा तिथल्या बोर्दो या वाइनप्रदेशाचे व्यापारी वाइनच्या शोधात इकडे वळले. २२५ लिटरच्या पिंपांत वाइन मुरवण्याची बोर्दोची रीत याच काळात इथे रुजली. लाकूड मात्र बहुतेक ठिकाणी अमेरिकन ओकचे आले. व्हॅनिला, खोबरे आणि किंचित शेपूसारखा वास ही त्याची देणगी.

बाटलीवरचे शब्द मुरवणीचा काळ सांगतात. क्रिआन्सा किमान दोन वर्षे मुरते, त्यांतले एक वर्ष पिंपात. रेसेर्व्हा तीन वर्षे. ग्रान रेसेर्व्हा पाच वर्षे; तिला पिंपात आणि बाटलीत किमान दोन-दोन वर्षे ठेवावे लागते. वर्षे सरतात तसा ताज्या फळाचा जोर ओसरतो आणि सुकी अंजिरे, चामडे, तंबाखू, ओली माती असे वास पुढे येतात. रंगही जांभळट लालवरून विटकरीकडे झुकतो.

या वाइनबरोबर काय खावे याचे सर्वांत चांगले उत्तर रिओहाच्याच स्वयंपाकात मिळते. छाटणीत निघालेल्या वेलींच्या सुक्या काड्या पेटवायच्या, ज्वाळा बसू द्यायच्या आणि निखाऱ्यांवर कोवळ्या कोकराच्या बारीक चापा भाजायच्या. मसाला म्हणजे फक्त जाडे मीठ. कडेची चरबी कुरकुरीत होते, धूर लागतो, आणि हाताने हाड धरून खाल्लेल्या प्रत्येक घासानंतर वाइनमधले टॅनिन हे तुरट द्रव्य मांसातल्या प्रथिनांना धरते. जिभेवरचा तुरटपणा मऊ होतो. रेसेर्व्हासाठी याहून नेमकी जोडी सापडणे कठीण.

क्रिआन्साला घरगुती ‘पातातास आ ला रिओहाना’ शोभते. यात बटाटा पूर्ण न कापता सुरीने अर्धवट चिरून मोडतात. त्यामुळे त्यातला पिठूळपणा रश्श्यात उतरतो आणि चोरिसो सॉसेज व सुक्या लाल मिरचीचा रस्सा दाट होतो. लोग्रोन्यो शहरातील काये लाउरेल या गल्लीत लसणाच्या तेलात परतलेल्या मशरूमबरोबरही रिओहाचे पेले रिकामे होतात. मशरूमची मातकट चव मुरलेल्या वाइनशी फार छान जुळते. जुन्या ग्रान रेसेर्व्हाबरोबर मात्र साधेच खावे : भाजलेले कोकरू, रानपक्षी किंवा मेंढीच्या दुधाचे मुरलेले चीज. तेलकट मासे टाळावेत, कारण रेड वाइनमधल्या लोहामुळे त्यांचा वास उग्र होतो. टोमॅटो आणि लाल मिरचीत शिजवलेला खारवलेला कॉड मासा चालतो; त्याबरोबर ताजी, न मुरवलेली होबेन घ्यावी.

होबेन सुमारे १४ अंश सेल्सिअसला आणि मुरलेली रिओहा १६ ते १८ अंशांना द्यावी. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीच्या तापमानाला ती बेचव आणि जळजळीत लागते, म्हणून आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवणे आवश्यक.

टेंप्रानिओची लागवड नाशिक भागातही झाली आहे. मराठी जेवणाशी जोडी लावताना तिखट सांभाळावे लागते : मद्यार्कामुळे मिरचीची आग वाढते आणि टॅनिन अधिक कडवट लागते. झणझणीत तांबड्या रश्श्यापुढे महागडी ग्रान रेसेर्व्हा वाया जाईल. तव्यावर परतलेले, मिरी-लसणाचे सुके मटण असेल तर क्रिआन्सा बेलाशक उघडावी.