पोपट सोडण्याआधी शीट तपासायलाच हवी

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपले देशी पोपट घरात पाळता येत नाहीत. तरी ते विकले जातात, पकडले जातात आणि पुनर्वसन केंद्रात येतात. बघणाऱ्याची नजर छाटलेल्या पंखांवर जाते. पशुवैद्याची जाते ती पिंजऱ्याच्या तळाशी अंथरलेल्या कागदावर. त्याला ताजी शीट, म्हणजे पक्ष्याची विष्ठा, हवी असते. तिच्यातला पांढरा भाग मूत्रपिंडातून आलेला, हिरवा आतड्यातला. जंतांची अंडी शोधायची ती हिरव्यात.

रानातला पोपट झाडावर खातो, झाडावरच झोपतो. शीट खाली जमिनीवर पडते. पिंजऱ्यात शीट आणि पेरूची फोड यांत जेमतेम वीतभर अंतर. गोलकृमीचं यातच फावतं. बाहेर पडलेल्या अंड्यात ऊब आणि ओल मिळाली की दोन-तीन आठवड्यांत अळी तयार होते आणि खाण्याबरोबर पुन्हा पोटात जाते. एका पिंजऱ्यात कोंबलेल्या पिल्लांमध्ये एकाचे जंत सगळ्यांना होतात. फार वाढले तर आतडं तुंबून पक्षी मरतो.

तपासणीची युक्ती मला फार आवडते. पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालायचं, त्यात विष्ठा कालवून गाळायची, नळी काठोकाठ भरायची आणि वर पातळ काच ठेवायची. अंडी या पाण्यापेक्षा हलकी, त्यामुळे १५-२० मिनिटांत वर येऊन काचेला चिकटतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली गोलकृमीचं जाड कवचाचं अंडं ओळखू येतं, किंवा दोन्ही टोकांना बूच बसवल्यासारखं कॅपिलेरिया या केसासारख्या बारीक जंताचं. जिआर्डिया हा आतड्यातला एकपेशीय परजीवी मात्र मिठात आक्रसतो, त्याच्यासाठी ताजी विष्ठा वेगळी बघावी लागते.

काच स्वच्छ दिसली म्हणजे पोट स्वच्छ, असं नाही. अंडी रोज पडतातच असं नाही, आणि पोटातली अळी वाढून अंडी घालू लागेपर्यंत काही आठवडे जातात. म्हणून तीन दिवसांची विष्ठा एकत्र तपासायची, पक्षी वेगळा ठेवायचा, काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं. ‘उडता येतंय ना, मग सोडा’ ही घाई मला पटत नाही. सोडलेला पोपट उद्या ढोलीत पिल्लं वाढवणार, आणि ढोलीत पिंजऱ्याइतकीच दाटी असते.

औषधही अंदाजाने देऊन चालत नाही. नवी पिसं फुटत असताना फेनबेंडाझोल हे जंताचं औषध दिलं तर ती वेडीवाकडी येऊ शकतात. आधी वजन, मग मात्रा. आणि साधारण दोन आठवड्यांनी पिंजऱ्याच्या तळाशी पुन्हा कोरा कागद.