रेमों पुलिदोर
रेमों पुलिदोर (१५ एप्रिल १९३६ – १३ नोव्हेंबर २०१९) : फ्रेंच व्यावसायिक सायकलपटू. टूर द फ्रान्स या अनेक टप्प्यांच्या शर्यतीत तो चौदा वेळा उतरला, तीनदा दुसरा आणि पाचदा तिसरा आला. पण आघाडीवीराची पिवळी जर्सी त्याला एक दिवसही मिळाली नाही. तरीही फ्रान्समध्ये ‘पूपू’ (त्याचे टोपणनाव) इतका लाडका सायकलपटू क्वचितच झाला असेल.

त्याचा जन्म मध्य फ्रान्समधल्या क्रूझ या गरीब शेतीप्रधान भागात, शेतावर राबणाऱ्या कुटुंबात झाला. लष्करी सेवेनंतर १९६० मध्ये तो मर्सिए संघात आला आणि १९७७ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. १९६१ मध्ये त्याने मिलान–सान रेमो ही शर्यत आणि फ्रान्सचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९६२ च्या पहिल्याच टूरला तो हाताला प्लास्टर असताना उतरला आणि तिसरा आला.

फ्रेंच सायकलपटू जाक आंकतीलशी त्याची चुरस टिपेला पोहोचली ती १९६४ च्या टूरमध्ये. मोनाकोत शर्यत संपली असे समजून पुलिदोरने एक फेरी आधीच जोर लावला. टप्पा आणि विजेत्याला मिळणारी एका मिनिटाची सवलत आंकतीलच्या पदरात पडली. पुढे प्वी द दोम या मृत ज्वालामुखीच्या चढावर दोघे खांद्याला खांदा घासत चढले. चढाच्या अखेरीस पुलिदोरने ४२ सेकंद कमावले, पण पिवळी जर्सी आंकतीलने १४ सेकंदांनी राखली. पॅरिसमध्ये हे अंतर ५५ सेकंदांचे झाले, म्हणजे मोनाकोतल्या सवलतीपेक्षाही कमी.

आंकतीलने पाच टूर जिंकल्या, पण लोक पुलिदोरचे राहिले. आंकतीलचा हिशेबी थंडपणा कौतुकास्पद असला तरी जवळचा वाटत नसे. पुलिदोरचे उन्हाने रापलेले शेतकरी रूप, साधी बोली आणि हार झाल्यावरही न कडवटणारा स्वभाव खेड्यापाड्यांतल्या प्रेक्षकांना आपला वाटे.

‘सदैव दुसरा’ हे त्याला चिकटलेले बिरूद मात्र अर्धेच खरे आहे. १९६४ ची स्पेनची व्हुएल्ता ही शर्यत त्याने जिंकली. पॅरिस–नीस शर्यत १९७२ आणि १९७३ अशी लागोपाठ दोनदा जिंकली, तीही बेल्जियमचा सायकलपटू एदी मर्क्स ऐन भरात असताना. १९७३ च्या टूरमध्ये सुरुवातीच्या वेळेविरुद्धच्या शर्यतीत योप झूतमेल्कपेक्षा सेकंदाच्या अंशाने मागे पडल्यामुळे पिवळी जर्सी हुकली. १९७४ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो मर्क्समागे दुसरा आला आणि चाळिशीत, १९७६ मध्ये, तिसरा. नशिबाला दोष देणाऱ्या चाहत्यांनी हे सातत्यही मोजायला हवे होते.

निवृत्तीनंतर पिवळ्या जर्सीच्या प्रायोजक बँकेचा प्रतिनिधी म्हणून तो मृत्यूच्या वर्षापर्यंत टूरमध्ये हिंडत, चाहत्यांना स्वाक्षऱ्या देत असे. त्याची मुलगी कोरीन हिचा विवाह डच सायकलपटू आद्री व्हान डेर पूलशी झाला. त्यांचा मुलगा मात्यू याने २०२१ च्या टूरमध्ये दुसऱ्या टप्प्याअखेर पिवळी जर्सी मिळवली आणि ती सहा दिवस राखली.